श्रवणाचा धर्म

टपालाच्या दिवसांत आपल्याकडील प्रत्येक घरगुती पत्राचा आरंभ एका ठरीव वाक्याने होत असे : इकडील सर्व क्षेम असून आपले क्षेम कळवीत जावे. लिहिणाऱ्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असो, पिकावर रोग पडलेला असो, की सावकाराचा तगादा लागलेला असो, त्या वाक्यात कधी खंड पडत नसे; आणि म्हणून ते निव्वळ रिवाजापोटी लिहिले जाते, असे आम्हां मुलांना वाटे. पुढे वय वाढले, दूरगावी गेलेल्या माणसाच्या पत्राची वाट पाहण्याचे प्रसंग घरात आले, आणि मग ध्यानात आले की बाकीचा सारा मजकूर गौण असून ते एक वाक्य हेच खरे पत्र होय. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्तांचा योगक्षेम आपण स्वतः वाहतो असे आश्वासन दिले आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग आणि जे मिळाले आहे ते राखले जाणे हे क्षेम, असा त्या शब्दाचा अर्थ भाष्यकारांनी लावला आहे. परंतु ज्या घडीला आपले क्षेम कळविण्याची आणि दुसऱ्याचे क्षेम विचारण्याची सर्व साधने एकाच वेळी नष्ट होतात, त्या घडीला या आश्वासनाचा अर्थ काय घ्यावा? २०२४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील एका डोंगराळ मुलखावर जो प्रसंग गुदरला, त्याची हकिकत वाचीत असता हा प्रश्न माझ्या मनात आला आणि तो अद्याप गेलेला नाही.

त्या महिन्याच्या २६ तारखेच्या रात्री ‘हेलीन’ नावाचे चक्रीवादळ ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर पेरी या गावाजवळ धडकले, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, समुद्रापासून शेकडो मैल आत, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडील ॲपलेशियन पर्वतराजीवर येऊन कोसळले. वादळ यावयाच्या आधीपासूनच तेथे मुसळधार पाऊस लागलेला होता; जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली होती आणि ओढे काठोकाठ भरून वाहत होते. बाष्पाने जड झालेली हवा डोंगराच्या उतारावर चढली की थंड होते आणि आपले सर्व ओझे तेथेच रिते करते, हे सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना सांगावयास नको. यान्सी काउंटीतील बुसिक येथे त्या काही दिवसांत ३० इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. आंबोलीच्या माणसाला आषाढात हा आकडा फार मोठा वाटणार नाही. परंतु त्याच मुलखातील ॲशव्हिल शहरात साऱ्या वर्षाचा मिळून पाऊस ५० इंचांच्या आत असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. फ्रेंच ब्रॉड नदीने ॲशव्हिल येथे २४.६७ फुटांची पातळी गाठली. १९१६ सालच्या जुलै महिन्यातील महापुराची २३.१ फुटांची जी खूण शंभर वर्षांहून अधिक काळ तेथील लोक आपल्या नातवंडांना सांगत आले होते, ती पाण्याखाली गेली. डोंगरांच्या कडा दोन हजारांहून अधिक ठिकाणी ढासळल्या, चिमनी रॉकसारखी गावे उद्ध्वस्त झाली आणि एकट्या त्या राज्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

पाण्याने घरे नेली हे दुःख मोठेच. परंतु त्यापाठोपाठ जे आले ते निराळ्या जातीचे होते, आणि ते म्हणजे मौन. डोंगराळ मुलखात सपाट जागा सापडते ती नदीच्या काठीच. म्हणून रस्ता नदीकाठाने जातो, विजेच्या तारा रस्त्याच्या कडेने जातात आणि दूरध्वनीच्या काचतंतूंची केबलही त्याच वाटेने नेलेली असते. माणसाने सोयीसाठी तीन दोर एकत्र वळले आणि पुराने ते तिन्ही एका फटक्यात तोडले. भ्रमणध्वनीचे कित्येक मनोरे टेकड्यांवर धडधाकट उभे होते, परंतु त्यांची विद्युत्घटमाला काही तासांत रिती झाली, जनित्रांना लागणारे इंधन पोहोचविण्यास रस्ता उरला नाही, आणि ज्या केबलीतून शब्द पुढे जावयाचे ती चिखलात तुटून पडली होती. अरुंद खोऱ्यांच्या आत, ओढ्यावरचा एकच खासगी पूल ओलांडून जेथे पोहोचता येते अशा शेकडो घरांतून माणसे जिवंत होती, आणि ती जिवंत आहेत ही गोष्ट शेजारच्या डोंगरापलीकडील त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हती. देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुली दिवसरात्र एकच क्रमांक फिरवीत राहिल्या. मेलेल्यांसाठी शोक करता येतो, जिवंतांसाठी आनंद करता येतो. परंतु ज्याची काहीच वार्ता नाही त्याच्यासाठी कोणती भावना धरावी, हे कोणत्याही धर्मशास्त्राने सांगितलेले नाही.

अशा वेळी सर्वप्रथम एक जुनाच प्रश्न पुढे येतो : हे का झाले? १७५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनामंदिरांत जमले असताना, लिस्बन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले, तेव्हा साऱ्या युरोपने तो विचारला. व्हॉल्टेअरने दयाळू विश्वनियंत्याच्या कल्पनेवर घाव घातला, तर रूसोने दाटीवाटीने सहा-सहा सात-सात मजल्यांची घरे निसर्गाने बांधलेली नव्हती, याकडे बोट दाखविले. १९३४ सालच्या जानेवारीत बिहारमध्ये धरणीकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाचे हे ईश्वरी शासन होय असे महात्मा गांधींनी म्हटले. रवींद्रनाथांनी त्यास जाहीर विरोध केला, आणि गांधींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’ पत्रात छापून त्याला उत्तर दिले. दोघेही थोर, दोघांचाही हेतू निर्मळ. परंतु ढिगाऱ्याखाली सापडलेल्या ज्या अस्पृश्य माणसाच्या बाजूने गांधी बोलत होते, तोही त्या शासनातून सुटला नव्हता, एवढी एक गोष्ट माझ्या मते वादाचा निकाल लावण्यास पुरेशी आहे.

येथे कारण आणि प्रयोजन यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. कारणाचा शोध घेणे हे मनुष्याचे कर्तव्यच आहे. समुद्र तापला म्हणजे वादळ अधिक पाणी उचलते, नदीच्या पात्रालगत बांधलेले घर कधीतरी नदीचे होते, एकाच वाटेने नेलेले तीन दोर एकदम तुटतात, ही कारणे होत, आणि ती जो शोधून काढील त्याने पुढील पिढीवर उपकार केले असे समजावे. परंतु प्रयोजन, म्हणजे हे दुःख याच माणसाच्या वाट्याला कोणत्या हेतूने आले याचा उलगडा, ही गोष्ट वेगळी आहे. आणि अनुभव असा की तो उलगडा करावयास पुढे सरसावतात ते बहुधा कोरड्या जागी उभे असलेले लोक. पूर्वकर्माचा सिद्धान्त आपल्याकडे याच कामी फार स्वस्त करण्यात आला आहे. मनुष्याने आपल्या स्वतःच्या आचरणाची जबाबदारी स्वीकारावी म्हणून जो सिद्धान्त जन्मास आला, तो दुसऱ्याच्या विपत्तीवर शेरा मारण्यासाठी वापरणे हा त्या सिद्धान्ताचाच अपमान होय. ॲशव्हिलविषयी तर असे शेरे मारण्याची काही सोयच नव्हती. समुद्रापासून दूर, उंचावर, थंड हवेचे हे शहर हवामानाच्या प्रकोपापासून सुरक्षित आहे असे मानून माणसे तेथे वस्तीला आली होती. आणि जगभरच्या हवामानाच्या नोंदी ज्या राष्ट्रीय केंद्रात जतन केल्या जातात त्याचे मुख्य ठाणेही याच शहरात आहे. पुरानंतर ते दप्तरही मुके झाले. ज्ञान होते, नोंदी होत्या, इशारेही दिलेले होते. तरीही त्या रात्री ज्ञानी आणि अज्ञानी एकाच अंधारात बसले.

त्या मुलखात बायबलावर श्रद्धा ठेवणारे लोक बहुसंख्य आहेत, आणि त्यांच्या धर्मग्रंथातील ईयोबाची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाला भेटावयास त्याचे तीन मित्र आले, आणि त्याचे दुःख पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर एक शब्दही न बोलता बसून राहिले. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले, त्याच्या पापांची मीमांसा सुरू केली, आणि अखेरीस वावटळीतून बोलणाऱ्या परमेश्वराचा कोप त्यांनी ओढवून घेतला. त्या मित्रांनी आयुष्यात जर काही धर्मकृत्य केले असेल, तर ते त्या सात दिवसांत केले, असे मला वाटते. दुःखिताजवळ बसून त्याचे ऐकणे हे त्यांना साधले होते. त्यांनी ते स्वतःच्या बुद्धीच्या अभिमानापायी टाकून दिले.

तेव्हा त्या खोऱ्यांतील माणसे जो प्रश्न विचारीत होती तो ‘हे का झाले’ हा नव्हताच. तो अगदी साधा होता : कोणी ऐकत आहे काय? आणि या प्रश्नाला एक उत्तर आले, ते त्याच पर्वतराजीच्या सर्वोच्च शिखरावरून. माउंट मिचेल हे ६,६८४ फूट उंचीचे शिखर मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील सर्वांत उंच स्थान आहे, आणि त्यावर हौशी रेडिओचालकांनी, ज्यांना सर्वत्र हॅम म्हणतात, त्यांनी पूर्वीच एक रिपीटर बसवून ठेवलेला होता. हातात मावणाऱ्या लहानशा संचाची शक्ती चार-पाच वॅटची. त्याची लहर समोरच्या डोंगराला अडते आणि विरून जाते. परंतु खोऱ्यातून निघालेली ती क्षीण लहर शिखरावर पोहोचली, की रिपीटर ती ऐकतो आणि त्याच क्षणी अधिक शक्तीने चहूकडे पुन्हा उच्चारतो. स्वतःचे तो काही बोलत नाही. दुसऱ्याचे बोलणे दूरवर नेणे एवढेच त्याचे काम. १४५.१९० मेगाहर्ट्झ या लहरीवर पुढे कित्येक दिवस त्या डोंगरांतील माणसांच्या ख्यालीखुशालीचा व्यवहार चालला : अमुक वाटेवरच्या घरातील म्हातारे दांपत्य सुखरूप आहे, अमक्याचे औषध संपत आले आहे, तमक्या ओढ्यावरचा पूल गेला असून पलीकडे माणसे अडकली आहेत.

या व्यवहाराची शिस्त जवळून पाहण्याजोगी आहे. अनेकजण एकाच लहरीवर असतात आणि एका वेळी एकानेच बोलावयाचे असते; दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द व्यर्थ जातात. म्हणून एक नियंत्रक नेमलेला असतो, आणि तो वरचेवर लहर मोकळी करून विचारतो : कोणाची निकडीची वार्ता आहे काय? तो असे विचारतो तेव्हा बाकीच्या सर्वांनी, त्यांच्यापाशी सांगण्यासारखे कितीही असो, बोटे कळीवरून उचलून स्तब्ध राहावयाचे. त्या काही क्षणांत यंत्रातून निव्वळ खरखर ऐकू येते. सर्व कान त्या खरखरीवर लागलेले असतात, कारण ज्याच्या संचातील वीज संपत आली आहे, जो सर्वांत खोल दरीत आहे, ज्याचा आवाज सर्वांत क्षीण आहे, त्याचे बोलणे त्या खरखरीतूनच वर यावयाचे असते. बलवानांनी गप्प बसावे म्हणजे दुर्बळाचा शब्द ऐकू येईल, हा नियम कोणा ऋषीने सांगितलेला नाही, तो रेडिओच्या व्यवहारातून आला आहे; परंतु समाजधारणेचा याहून शुद्ध नियम मला दुसरा ठाऊक नाही. होरेब पर्वतावर एलीया संदेष्ट्याला परमेश्वर प्रचंड वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात भेटला नाही, अग्नीत भेटला नाही, तर त्या सर्वांनंतर आलेल्या एका मंद स्वरात भेटला, या कथेचा अर्थ मला त्या लहरीवरील शांततेमुळे अधिक उमगला.

आपल्या परंपरेने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आणि त्यांत पहिले स्थान श्रवणाला दिले. कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन हे सारे त्यामागून येतात. हरिकथा ऐकावी हा त्याचा रूढ अर्थ झाला, आणि तो खरा आहेच; परंतु जो हरी सर्व भूतांच्या हृदयात राहतो असे आपण म्हणतो, त्याची कथा एखाद्या पूरग्रस्त खोऱ्यातून, तुटक तुटक आवाजात, पत्त्यासह व औषधाच्या नावासह सांगितली जात असेल, तर ती ऐकणे हे श्रवणभक्तीत मोडत नाही असे कोण म्हणेल? कीर्तनाला बसणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत आपले बोलणे राखून ठेवणारा मनुष्य मात्र विरळा.

श्रवणानंतरची पायरी चालण्याची. काचतंतूंची केबल तुटली तेव्हा वाचनालयांपुढे आणि अग्निशमन दलाच्या ठाण्यांपुढे पांढरे फलक उभे राहिले, आणि त्यांवर हाताने नावे लिहिली जाऊ लागली. लोक मोटारीत बसून नभोवाणीवर काउंटीच्या अधिकाऱ्यांचे निवेदन ऐकत आणि घरी परतून शेजाऱ्यांना सांगत. ज्या चढणीवर चाक चालेना तेथे खेचरांच्या पाठीवर अन्न आणि औषधे गेली. ॲशव्हिलमध्ये पिण्याजोगे पाणी नळाला यावयास ५३ दिवस लागले. त्या अवधीत काही स्वयंसेवकांनी ओढ्याचे पाणी बादल्यांतून वाहून वृद्धांच्या इमारतींत वरच्या मजल्यांवर नेऊन पोहोचविले, आणि ते पाणी पिण्यासाठी नव्हते, शौचकूप स्वच्छ ठेवण्यासाठी होते. रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकनाथांना जर ती बादली घेऊन जिना चढणारा तो मनुष्य भेटता, तर त्यांनी त्याला आपल्या संप्रदायातला म्हणून ओळखले असते, याविषयी मला शंका नाही.

या मुलखाचे मूळ रहिवासी जे चेरोकी लोक, ते नदीला लांब पुरुष म्हणत. त्याचे मस्तक डोंगरात, पाय दूर खाली सखल प्रदेशात, आणि तो अखंड बोलत असतो. ज्याला त्याची भाषा कळते त्याला तो उपदेश करतो, अशी त्यांची धारणा होती, आणि पहाटे त्याच्या पाण्यात उतरणे हा त्यांचा धर्मविधी होता. ज्यांनी नदीला बोलणारी मानले, त्यांनी तिचे ऐकण्याची जबाबदारीही पत्करली. नंतर आलेल्यांनी तिला रस्त्याच्या आखणीची सोयीस्कर रेषा मानले. या दोन दृष्टींतील अंतर २४.६७ फूट एवढे होते, असे म्हणावेसे वाटते.

श्रवणाचा जसा धर्म आहे तसा वाणीचाही आहे, आणि मौनाच्या काळात त्याची परीक्षा अधिक कठोर होते. खऱ्या वार्तेच्या वाटा तुटल्या की खोट्या वार्तेला रान मोकळे मिळते. सरकारी मदतीविषयी नाना अफवा पसरल्या. ऑक्टोबरमध्ये रदरफर्ड काउंटीत संकटनिवारण खात्याच्या कर्मचाऱ्यांना धमक्यांच्या भीतीने आपले काम काही काळ आवरते घ्यावे लागले. गीतेने वाणीचे तप सांगताना उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे असे त्याचे लक्षण दिले आहे. चिखलात उभ्या असलेल्या मनुष्याच्या कानी असत्य घालणे हे त्याच्या हातची दोरी कापण्यासारखे आहे.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांचे ऐकले गेले त्यांची कथा मी सांगितली. परंतु ज्यांनी त्या सकाळी हाक मारली आणि ती कोणीच ऐकली नाही, त्यांचे काय? शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाणी दिले, यावरून ईश्वराने त्यांचा योगक्षेम वाहिला असे म्हणणे, हे त्या बुडालेल्यांच्या देखत म्हणता येईल काय? मला ते म्हणता येत नाही. त्या हाकेचे उत्तर माझ्यापाशी नाही आणि ते आपल्यापाशी आहे असे जो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मी एवढेच म्हणू शकतो की ईश्वराच्या मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याला नसला, तरी मनुष्याच्या मौनाची जबाबदारी आपल्यावर निःसंशय आहे. आणि जी हाक ऐकली गेली नाही ती पुढच्या वेळी ऐकली जावी यासाठी काय तजवीज केली, याचा जाब पुढची पिढी ईश्वराला विचारणार नाही, आपल्याला विचारील. शिखरावरचा तो रिपीटर पुराच्या दिवशी कोणी बसविला नव्हता. कित्येक वर्षे निरभ्र दिवसांत कोणीतरी वर चढून त्याची देखभाल केली, कोणत्याही संकटाची चाहूल नसताना आठवड्याच्या आठवड्याला लोकांनी त्यावर एकमेकांची हजेरी घेतली, आणि म्हणून त्या दिवशी तो ऐकू शकला. नित्यकर्म कशासाठी, असे जे तरुण विचारतात, त्यांना मी हे उदाहरण देईन.

सह्याद्रीच्या माणसाला या गोष्टी परक्या नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे त्याखाली गाडली गेली. तेथून कोणाची हाक बाहेर पोहोचली नाही. ती वार्ता जगाला कळली, ती त्या वाटेने नेहमी जाणाऱ्या एस. टी.च्या चालकामुळे; जेथे गाव असावयाचे तेथे ते नाही, हे प्रथम त्याच्या ध्यानात आले. ज्याची वाट रोजची असते त्यालाच उणीव दिसते. तेव्हा डोंगरात राहणाऱ्या आणि डोंगरात ज्यांची माणसे राहतात अशा सर्व वाचकांना माझी विनंती आहे, की येणाऱ्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला कोण राहते, त्यांची नावे काय, कोणाला कोणते औषध लागते, आणि दूरध्वनी बंद पडला तर त्यांची खबर कोणी कोणत्या वाटेने जाऊन आणावयाची, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावावे. आणि पाऊस नसतानाही अधूनमधून त्या वाटेने जाऊन त्यांचे क्षेम विचारीत जावे.